ओलिताच्या वाहून जाणाऱ्या पाण्याचे नियम: कोअलिशनमध्ये जावं की एकट्याने नोंदणी करावी? (कॅलिफोर्निया, सेंट्रल व्हॅली)

बागाईत_५८

नमस्कार. सेंट्रल व्हॅलीत शेती करणारे आणि तिथल्या शेतीचे कागद सांभाळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारतो.

जमिनीचे दोन तुकडे आहेत. मर्सेड काउंटीत डेल्हीजवळ ४० एकर बदाम, रेताड जमीन, मायक्रोस्प्रिंकलर. दुसरा तुकडा नदीपलीकडे न्यूमनजवळ १८ एकर, भारी जमीन, सरीने ओलित, घेवड्यासारखी शेंगवर्गीय पिकं. सरीच्या शेवटाला निघणारं पाणी चरात पडतं आणि चर ओरेस्टिंबा क्रीककडे जातो. डेल्हीच्या तुकड्यावर एक घर आहे. ते भाड्याने दिलंय आणि घराला स्वतःची बोअर आहे.

प्रादेशिक पाणी बोर्डाचं पत्र आलंय: ओलिताखालील जमिनीची नोंदणी करा, कोअलिशनमार्फत (म्हणजे शेतकऱ्यांच्या गटातर्फे) किंवा स्वतंत्र. प्रश्न असे:

१) कोअलिशनमध्ये गेलं की नेमकं कोणतं काम त्यांचं आणि कोणतं आपलं?
२) नत्राचा जो तक्ता भरायचा असतो तो कसा भरतात? त्यात चुका कुठे होतात?
३) न्यूमनच्या सरीच्या पाण्याचं काय करावं?
४) आपल्या शेताची माहिती जगजाहीर होते का?

---

ओलितकायदा

आधी एक गोष्ट, कारण पत्रात ती लिहिलेली नसते. तुमचे दोन तुकडे दोन वेगळ्या कोअलिशनमध्ये पडतात. डेल्ही सॅन वाकीन नदीच्या पूर्वेला, म्हणजे ईस्ट सॅन वाकीन वॉटर क्वालिटी कोअलिशन. न्यूमन पश्चिमेला, म्हणजे वेस्टसाइड सॅन वाकीन रिव्हर वॉटरशेड कोअलिशन. एकीकडे पैसे भरले म्हणून दुसरा तुकडा आपोआप नोंदला जात नाही. पत्रावरचा पार्सल क्रमांक कोणत्या तुकड्याचा आहे ते बघा. बहुतेक वेळा एकाच तुकड्याबद्दल पत्र येतं आणि दुसरा तसाच राहून जातो.

हे सगळं कुठून आलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कागदांचा अर्थ लागेल. केंद्राच्या क्लीन वॉटर ॲक्टने ओलितातून परत वाहणारं पाणी परवान्यातून वगळलंय. राज्याचा १९६९ चा पोर्टर-कोलोन कायदा मात्र तशी सूट देत नाही. सेंट्रल व्हॅलीच्या बोर्डाने १९८२ मध्ये शेतीच्या पाण्याला माफी दिली आणि वीस वर्षं कुणी काही विचारलं नाही. १९९९ च्या कायद्याने अशा जुन्या माफ्यांना मुदत घातली आणि २००३ पासून माफी सशर्त झाली: पाणी तपासा, दोष सापडला तर उपाय करा. एकट्या शेतकऱ्याला दर महिन्याला ओढ्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणं परवडणारं नव्हतं, म्हणून खोऱ्याखोऱ्यातले शेतकरी एकत्र आले. तीच ही कोअलिशनं. डिसेंबर २०१२ मध्ये ईस्ट सॅन वाकीनसाठी नवा आदेश निघाला आणि भूजलही नियमात आलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य बोर्डाने त्या आदेशाचा फेरविचार करून नत्राचा हिशोब आणि शेतावरच्या पिण्याच्या विहिरींची तपासणी बंधनकारक केली. तो निर्णय पुढे इतर कोअलिशनांनाही लागू झाला.

कोअलिशनचं काम: ओढ्यांवर ठरलेल्या जागी नमुने घेणं, भूजल कुठे जास्त धोक्यात आहे याचा अभ्यास, सुधारणा आराखडे आणि बोर्डाला वार्षिक अहवाल. तुमचं काम: शेत-मूल्यमापनाचा फॉर्म, ओलित व नत्र नियोजनाचा तक्ता आणि त्याचा सारांश, लागू असेल तर धूप नियंत्रण आराखडा, घरच्या विहिरीची तपासणी, आणि वर्षातून एकदा तरी माहितीच्या सभेला हजेरी. बहुतेक कागदांची तारीख १ मार्च असते. कोअलिशन तुमच्या वतीने बोलतं, पण जबाबदारी तुमच्याच नावावर राहते. कागद दिले नाहीत किंवा वर्गणी थकली, तर सदस्यत्व जातं आणि तुमचं नाव बोर्डाकडे कळवलं जातं. तिथून पुढे नोटीस, मग दिवसागणिक चढणारा दंड.

स्वतंत्र नोंदणीचा मार्ग २०१३ च्या वेगळ्या आदेशात आहे. त्यात शुल्क जास्त आणि तपासणी, अहवाल सगळं तुमच्या खर्चाने. ५८ एकरांना तो रस्ता घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदणीला पार्सल क्रमांक, प्रत्यक्ष ओलिताखालचे एकर (घर, रस्ता, खळं वगळून) आणि जमीन कोण कसतं ही माहिती लागते. जमीनमालक किंवा कसणारा, कुणीही सदस्य होऊ शकतो. कसणाऱ्याने नोंदणी केली तर मालकाला तसं कळवावं लागतं. न्यूमनचा तुकडा कुणाला कसायला दिला असेल, तर सदस्य कोण हे भाडेकरारात आताच लिहून टाका.

---

नत्रमोजणी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे, कारण कोअलिशनमध्ये गेल्यावर शेतकऱ्याची खरी परीक्षा याच कागदावर होते.

तक्त्यात दोन आकडे. ए म्हणजे शेतात घातलेला सगळा नत्र: खत, कंपोस्ट किंवा शेणखत आणि ओलिताच्या पाण्यातून आलेला नत्र. आर म्हणजे पिकाबरोबर शेताबाहेर गेलेला नत्र. बागेत झाडाच्या लाकडात साठलेला भागही त्यात धरतात. ए भागिले आर आणि ए वजा आर, दोन्ही पाहतात. तुमचा आकडा त्याच पिकाच्या बाकी सदस्यांपेक्षा फार वर गेला तर 'आउटलायर'ची चिठ्ठी येते आणि पुढच्या वर्षीचा आराखडा प्रमाणित तज्ज्ञाकडून सही करून घ्यावा लागतो.

बदामाचं गणित करून दाखवतो. दर १,००० पौंड गरामागे ६८ पौंड नत्र बागेबाहेर जातो. यात साल, कवच सगळं धरलेलं आहे, पण मोजायचं मात्र गराच्या वजनावर. अपेक्षित उत्पन्न एकरी २,२०० पौंड गर धरा.

जाणारा नत्र: २.२ × ६८ = सुमारे १५० पौंड.
दिलेल्यापैकी ७० टक्के नत्र झाडाला लागतो असं धरलं, तर द्यायचा नत्र: १५० ÷ ०.७ = २१४ पौंड.

आता पाण्यातला नत्र. नायट्रेट-नत्र (नायट्रेटमधला फक्त नत्राचा भाग) मिलिग्रॅम प्रति लिटर × २.७२ = एकर-फुटामागे (एकरभर एक फूट पाण्यामागे) पौंड नत्र. बोअरच्या पाण्यात ९ आहे आणि हंगामात एकरी ३ फूट पाणी दिलं, तर ९ × २.७२ × ३ = ७३ पौंड. म्हणजे खतातून हवा फक्त २१४ − ७३ = १४१ पौंड. यूएएन-३२ (३२ टक्के नत्राचं द्रव खत) च्या गॅलनमध्ये ३.५४ पौंड नत्र असतो, तर एकरी ४० गॅलन. वाटणी साधारण अशी: पालवी फुटताना २० टक्के, एप्रिलमध्ये ३०, जूनच्या आसपास ३०, काढणीनंतर २०. गॅलनमध्ये ८, १२, १२, ८. यात एक बारकावा आहे. पाण्यातला नत्र काही या टप्प्यांनी येत नाही, उन्हाळ्यात पाणी जास्त तेव्हा तो जास्त येतो. म्हणून कपात करायची तर जूनच्या हप्त्यात करा, सुरुवातीच्या नाही.

चुका कुठे होतात:

सगळ्यात मोठी चूक नायट्रेट आणि नायट्रेट-नत्र यांची गल्लत. प्रयोगशाळेचा कागद 'नायट्रेट ४०' म्हणत असेल तर नत्र म्हणून तो ९ आहे (४.४३ ने भागा). चाळीसच तक्त्यात घातले तर ४० × २.७२ × ३ = ३२६ पौंड होतात आणि कागदावर तुम्ही खड्ड्यात. उलट चूकही तितकीच वाईट. नत्राचा आकडा आणखी एकदा भागला की पाण्यातला नत्र नाहीसाच होतो आणि तुम्ही खत जास्त टाकता.

दुसरी चूक उत्पन्नाची. शेतातून गेलेलं वजन सालीसकट असतं. हलरच्या (बदाम सोलणाऱ्या गिरणीच्या) पावतीवर गराचं वजन वेगळं असतं, ते घ्या.

तिसरी चूक आशेची. गेल्या तीन-चार वर्षांची सरासरी १,९०० असताना आराखड्यात २,८०० लिहायचं आणि त्याप्रमाणे खत द्यायचं. बहर गारठ्यात सापडला तर एप्रिलमध्येच अंदाज खाली आणून पुढचे हप्ते कमी करा. पूर्ण बहरानंतर साधारण ४३ दिवसांनी पानांचे नमुने घेता येतात. त्यावरून जुलैतली पातळी काय असेल याचा अंदाज मिळतो आणि तेव्हा हात आखडता घ्यायला वेळ असतो. जुलैचा नमुना चांगलाच, पण तोवर बहुतेक नत्र जाऊन चुकलेला असतो.

डेल्हीच्या रेतीत खत कधी सोडता यावर सगळं आहे. यूएएनमधला नायट्रेट आणि युरिया पाण्याबरोबर धावतात. २४ तासांच्या पाळीत पहिल्याच तासात खत सोडलं तर उरलेल्या २३ तासांचं पाणी त्याला मुळांखाली ढकलतं. दाब स्थिर होऊ द्या, पाळीच्या मध्यानंतर खत सोडा आणि शेवटचे एक-दोन तास निव्वळ पाणी चालवून नळ्या धुऊन घ्या. नळ्यांत खत उरलं तर शेवाळ धरतं आणि पुढच्या पाळीला ते खत चुकीच्या वेळी पडतं.

आणखी एक: विहिरीच्या डोक्यावर खत-इंजेक्शनच्या आधी चेक व्हॉल्व्ह, हवा-निर्वात व्हॉल्व्ह आणि कमी दाबाचा निचरा हवा. पंप अचानक बंद पडला तर पाण्याचा स्तंभ मागे विहिरीत ओढला जातो आणि त्याच्या मागोमाग खत. शेत-मूल्यमापनाच्या फॉर्मात हे विचारतात. जुनी बंद विहीर उघडी आहे का, हेही विचारतात. असेल तर रीतसर बुजवून घ्या. वर्षभराच्या काळजीने जेवढा नायट्रेट वाचवाल त्याहून जास्त एका उघड्या बोअरमधून खाली जाऊ शकतो.

सहीबद्दल: भूजल जिथे धोक्यात मानलंय तिथे आराखड्यावर नत्र-प्रशिक्षण घेतलेल्या प्रमाणित पीक सल्लागाराची सही लागते, किंवा तुम्ही स्वतः अभ्यासवर्ग करून परीक्षा द्या आणि स्वतःच्या जमिनीपुरती सही करा. दुसरा पर्याय घ्याच. वर्गात जे कळतं ते सल्लागाराच्या सहीने कळत नाही.

---

सरीवरंबा

न्यूमनबद्दल.

तिथे मुख्य अडचण नायट्रेटची नाही, गाळाची आहे. पायरेथ्रॉइड कीटकनाशकं मातीच्या कणाला चिकटून बसतात आणि गाळाबरोबर ओढ्यात जातात. १९७२ मध्ये बंदी आलेलं डीडीटीसुद्धा पश्चिम बाजूच्या मातीत अजून कणांना धरून आहे आणि त्याच वाटेने बाहेर पडतं. ओढ्याच्या तळाचा गाळ घेऊन त्यात हायलेला नावाचे बारीक कवचधारी जीव सोडतात आणि किती जगले ते मोजतात. पाण्यासाठी सेरिओडॅफ्निया हा पाणपिसू, फॅटहेड मिनो मासा आणि शेवाळ वापरतात. तेव्हा माती शेतात थांबली की अर्धी लढाई जिंकली.

सगळ्यात स्वस्त उपाय पॉलिॲक्रिलामाइड, सगळे त्याला पॅम म्हणतात. ऋणभारित प्रकारच घ्या. धनभारित पॅम माशांच्या कल्ल्यांना चिकटतं आणि मासे मरतात. पाणी सरीतून पुढे सरकत असतानाच, म्हणजे शेवटाला पोचेपर्यंत, १० मिलिग्रॅम प्रति लिटर हे प्रमाण. तुमच्या चरातून मिनिटाला ९०० गॅलन येत असेल तर मिनिटाला साधारण ३४ ग्रॅम दाणेदार पॅम. चार तास लागले तर ८ किलोच्या वर, म्हणजे १८ पौंड. त्या पाळीत ९ एकर भिजत असतील तर एकरी २ पौंड. डोजर (दाणे मोजून सोडणारं यंत्र) पाण्याच्या खळाळत्या जागी, शेतापासून थोडा वर लावा, म्हणजे दाणे विरघळायला वाव मिळतो. डोजर नसेल तर प्रत्येक सरीच्या तोंडाशी पहिल्या ३ ते ५ फुटांत २५-३० ग्रॅम दाणे पसरा. पाणी आल्यावर तिथे चिकट पट्टा तयार होतो आणि हळूहळू विरघळत जातो.

यात बिघडतं काय? दाणे ओल्या बोटांनी हाताळले की गोळे होतात आणि डोजर तुंबतो. पॅम सांडलं आणि त्यावर पाणी पडलं की जमीन साबणासारखी निसरडी होते. आधी कोरडं झाडून घ्या, मग धुवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पॅममुळे पाणी जमिनीत जास्त मुरतं, म्हणून सरीत पुढे सरकायला उशीर होतो. प्रवाह होता तेवढाच ठेवला तर सरीचा वरचा भाग अति भिजतो आणि खाली पाझर वाढतो. एका सरीला दोन सायफन (चारीतून सरीत पाणी घेणाऱ्या वाकड्या नळ्या) लावून पाणी झटपट शेवटाला न्या आणि पोचलं की एक सायफन काढा. तेवढ्यानेच शेवटाचं पाणीही कमी होतं. दारे धरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगा, नुसती सूचना देऊ नका. दोनाचा एक करायला रात्री दोन वाजता उठायचं असतं.

पॅम विरघळलेली द्रव्यं थांबवत नाही. त्यासाठी शेवटाचं पाणी परत वर आणणारी व्यवस्था हवी: खालच्या कोपऱ्यात तळं, फ्लोट-स्विचचा पंप आणि वरच्या चारीपर्यंत पाइप. तळ्याचा हिशोब: ९०० गॅलनपैकी २० टक्के शेवटाला निघतं धरा, म्हणजे मिनिटाला १८०. पाणी शेवटाला पोचल्यावर ८ तास पाळी चालली तर ८६,४०० गॅलन, म्हणजे ११,५०० घनफूट. सरासरी ६० बाय ६० फूट आणि सव्वातीन फूट खोल. त्यावर एक फूट मोकळी कड आणि गाळासाठी वेगळी खोली ठेवा. तळ्याआधी एक छोटा गाळ-खड्डा काढला तर दर हंगामानंतर तो उपसता येतो. तो नसेल तर गाळ मुख्य तळ्यात बसतो, फ्लोट वर अडकतो, पंप कोरडा चालतो आणि जळतो. पंपाचा सक्शन तळापासून वर ठेवा आणि जाळी रोज बघा, घेवड्याचा पाला तिथेच साठतो.

परत आणलेलं पाणी दुसऱ्या पिकाला देणार असाल तर त्यात तणनाशकाचा अंश असू शकतो हे ध्यानात ठेवा. ज्या पिकाचं पाणी त्याच पिकाला परत देणं बरं.

फवारणीनंतरच्या पहिल्या ओलिताचं पाणी तरी बाहेर जाऊ देऊ नका. तळं बांधायला दोन वर्षं लागली तरी चालेल, पण हे पुढच्या पाळीपासून करा. चराच्या तळाशी गवत राखा. फावड्याने तासून स्वच्छ केलेला चर दिसायला छान असतो, पण गाळ अडवायला त्यात काही उरत नाही. ओढ्याच्या कडेला किती अंतर सोडायचं ते कीटकनाशकाच्या लेबलवर असतं आणि लेबल हाच तिथला कायदा.

तळ्यासाठी केंद्राच्या एनआरसीएस (नैसर्गिक संसाधन संवर्धन) विभागाकडून खर्चात वाटा मिळू शकतो. पण करारावर सही होण्याआधी खोदकाम सुरू केलं तर पैसे मिळत नाहीत.

---

लॉसबॅनोस

वर कागद आणि तंत्र झालं. एकत्र येण्याचा उपयोग नेमका कशात आहे ते सांगतो, कारण 'वर्गणी भरली की सुटलो' असं समजून बरेच जण सदस्य होतात.

ओढ्यातला नमुना कुणाच्या शेताचं नाव सांगत नाही. एका ठिकाणी एकाच द्रव्याची मर्यादा तीन वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा ओलांडली की त्या पाणलोटासाठी सुधारणा आराखडा लागतो, आणि तो वरच्या सगळ्यांना लागतो. मग शोध कसा घेतात? कॅलिफोर्नियात १९९० पासून शेतीतल्या प्रत्येक फवारणीची नोंद काउंटीच्या कृषी आयुक्तांकडे द्यावी लागते: द्रव्य, एकर, तारीख, एक चौरस मैलाचा सेक्शन. नमुन्याच्या आधीच्या काही आठवड्यांच्या या नोंदी नकाशावर मांडल्या की दोनशे शेतकऱ्यांऐवजी आठ-दहा नावं उरतात. कोअलिशनचा माणूस त्या आठ-दहा जणांच्या बांधावर जातो, चर कुठे उतरतो ते चालत पाहतो आणि बोलतो. सरकारी नोटिशीपेक्षा हे बोलणं जास्त कामाला येतं. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकासाठी हेच केलं गेलं. तिथे मर्यादा ०.०१५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होती, म्हणजे एका शेताच्या चुकीने अख्खा ओढा नापास व्हायचा. (२०२० च्या अखेरीस कॅलिफोर्नियात त्याचा वापर जवळपास बंदच झाला.)

याहून कठीण काम तुमच्या न्यूमनच्या दक्षिणेला, ग्रासलँड भागात झालंय. तिथल्या मातीत सेलेनियम आहे, जास्त झालं की पक्ष्यांना विषारी ठरणारं मूलद्रव्य. १९८३ मध्ये केस्टरसनच्या तळ्यावर पक्ष्यांची व्यंग असलेली पिल्लं सापडली आणि १९८६ मध्ये तिकडे जाणारा निचरा बंद झाला. खाली खारट पाणी तुंबलेलं आणि बाहेर काढायला वाट नाही. तेव्हा सुमारे ९७,००० एकरांवरचे शेतकरी आपापल्या पाणी-डिस्ट्रिक्टांमार्फत एकत्र आले. १९९६ पासून त्यांना सॅन लुइस ड्रेन या निचऱ्याच्या कालव्याचा २८ मैलांचा तुकडा वापरायला मिळाला, पण अट अशी की सगळ्यांचा मिळून महिन्याला आणि वर्षाला इतकेच पौंड सेलेनियम बाहेर जाईल. वर गेलं तर दंडवजा शुल्क, तेही सगळ्यांवर. त्यांनी एकूण मर्यादा डिस्ट्रिक्टांत वाटून घेतली आणि ज्याचं कमी निघालं त्याने आपला उरलेला वाटा दुसऱ्याला विकायची सोय ठेवली. सरीच्या शेवटाचं पाणी शेताबाहेर सोडायला बंदी घातली. निचऱ्याचं खारट पाणी वेगळं काढून हजारो एकरांवर जोस टॉल व्हीटग्राससारख्या खारं सहन करणाऱ्या गवतांना दिलं. नदीत जाणारा सेलेनियम नव्वद टक्क्यांहून जास्त घटला आणि २०१९ च्या अखेरीस ओलिताच्या निचऱ्याचा विसर्ग थांबला. हे कुणा एका शेतकऱ्याच्या हातचं नव्हतं. शेजाऱ्याचा चर हा आपल्याही हिशोबात आहे, हे मान्य केल्यामुळेच जमलं.

---

ओलितकायदा

चौथा प्रश्न आणि घराची बोअर राहिली होती.

नत्राचे आकडे कोअलिशन बोर्डाला देतं तेव्हा तुमच्या नावाऐवजी निनावी क्रमांक असतो, आणि भूजलावरचा भार टाउनशिपनिहाय, म्हणजे ३६ चौरस मैलांच्या चौकोनात मांडतात. घरच्या विहिरीचं मात्र तसं नाही. प्रयोगशाळा तो निकाल थेट राज्याच्या जिओट्रॅकर प्रणालीवर चढवते आणि तो लोकांना दिसतो. तसंच असायला हवं, तिथे माणसं पाणी पितात.

ती तपासणी अशी: प्रमाणित प्रयोगशाळेची बाटली आणा, फिल्टरच्या आधीच्या नळातून पाच-दहा मिनिटं पाणी जाऊ द्या, मग भरा आणि बर्फात ठेवा. आम्ल नसलेली बाटली ४८ तासांत तपासली गेली पाहिजे, म्हणून शुक्रवारी दुपारी नमुना घेऊ नका. मर्यादा नत्र म्हणून १० मिलिग्रॅम प्रति लिटर. दरवर्षी तपासा. सलग तीन वर्षं ८ च्या खाली आलं तर पुढे पाच वर्षांतून एकदा. १० च्या वर आलं तर दहा दिवसांत भाडेकरूला ठरलेल्या नमुन्यातली सूचना द्यावी लागते आणि तिची प्रत बोर्डाला. तोंडी सांगितलेलं चालत नाही. घरात तान्हं बाळ असेल तर निकालाची वाट न पाहता त्याच्या दुधासाठी बाटलीचं पाणी वापरायला सांगा. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाट होतो.

डेल्ही टर्लॉक उपखोऱ्यात येतं. नायट्रेटसाठी जी सहा खोरी सगळ्यात आधी घेतली त्यातलं ते एक. तिथे व्हॅली वॉटर कोलॅबरेटिव्ह मोफत विहीर तपासणी करते आणि निकाल मर्यादेवर गेला तर पिण्याचं पाणी घरपोच देते. भाडेकरूलाही अर्ज करता येतो. ही व्यवस्था नायट्रेट सोडणाऱ्यांच्या, म्हणजे शेतकरी, गोठे, कारखाने यांच्या पैशांतून चालते.

---

द्राक्षमळा_निफाड

कॅलिफोर्नियाशी संबंध नाही, पण पाण्यातल्या नत्राचं गणित इकडे कुणी करत नाही. एकर-फूट सोडून हेक्टरमध्ये कसं करायचं?

---

नत्रमोजणी

मेट्रिकमध्ये तर आणखी सोपं. हेक्टरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १,००० घनमीटर. नायट्रेट-नत्र १ मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर त्यातून बरोबर १ किलो नत्र येतो. विहिरीत १२ असेल आणि हंगामात ४० सेंटिमीटर पाणी दिलं, तर ४८ किलो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची मर्यादा नायट्रेट म्हणून ४५ दिलेली असते, ती आणि इथली १० एकच आहे. तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेने कोणत्या रूपात आकडा दिलाय ते विचारून मगच ४.४३ ने भागा. छाटणीनंतर वाढ थांबवायची असते तेव्हा पाण्यातला हा नत्र काही थांबत नाही, द्राक्षाला तो भाग जास्त नडतो.

---

बागाईत_५८

सगळ्यांचे मनापासून आभार. न्यूमनच्या पार्सलबद्दल पत्रात अक्षरही नव्हतं. दोन्हीकडे अर्ज करतो.

डेल्हीच्या ओलिताच्या बोअरचा जुना रिपोर्ट सापडला: 'नायट्रेट, एनओ-३ म्हणून, ३८'. आणि बागेला ३ फुटांपैकी २ फूट पाणी टीआयडीच्या (टर्लॉक इरिगेशन डिस्ट्रिक्टच्या) कालव्याचं, १ फूट बोअरचं. मग खत किती?

---

नत्रमोजणी

३८ ÷ ४.४३ = ८.६. बोअरचं एकच फूट, म्हणून ८.६ × २.७२ = २३ पौंड. कालव्याचं पाणी टुओलमी नदीचं, बर्फ वितळून आलेलं, त्यात नायट्रेट फारच कमी. ०.५ धरलं तर दोन फुटांत ३ पौंड. एकूण २६. खतातून २१४ − २६ = १८८ पौंड, एकरी ५३ गॅलन. आधीच्या उदाहरणापेक्षा १३ गॅलन जास्त, फक्त पाणी कुठलं यावरून.

पण ०.५ हा माझा अंदाज आहे, तो तक्त्यात लिहू नका. टीआयडी उपसा विहिरींचं पाणीही कालव्यात सोडतं, आणि तुमचा फाटा अशा विहिरीच्या खाली असेल तर आकडा बदलतो. मे आणि ऑगस्टमध्ये एकेक बाटली तुमच्या स्वतःच्या गेटवर भरा. बोअरचा रिपोर्टही जुना आहे, तोही नव्याने करून घ्या. पंप अर्धा तास चालल्यावर नमुना घ्या, सुरू केल्या-केल्या नाही.